शीलावतीचे बियाणे

हैदराबादच्या नामपल्ली स्थानकाचे अधिकृत नाव 'हैदराबाद डेक्कन' असे आहे, पण गावातला कोणी रिक्षावाला ते घेत नाही. सगळे नामपल्लीच म्हणतात. माझे काम होते सैफाबादेत, एका निवृत्त सहकाऱ्याच्या सेवापुस्तकातील नोंदींचे, आणि उतरलो होतो नामपल्लीच्या एका लॉजवर. कारकुनाला परगावी गेल्यावर देवळे आणि बाजार यांच्याआधी कार्यालये दिसतात. तशी मला इथे तीन दिसली. मुकर्रमजाही रस्त्यावरचे अबकारी भवन, रेड हिल्सची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयांचे संकुल. तिन्ही पायी फिरता येतील इतकी जवळ. हैदराबादेत पकडल्या जाणाऱ्या गांजाचा कागदोपत्री प्रवास बराचसा याच भागात होतो. पकडायचे कोणी, तपासायचे कोणी आणि शिक्षा द्यायची कोणी, सगळे एका चकरेत.

लॉजवर संध्याकाळी चहाला येणारे एक काका होते. मूळचे लातूरकडचे, लातूर निजामाच्या राज्यात असतानाच वडील इकडे येऊन स्थायिक झालेले, आणि स्वतः अबकारीतून निवृत्त. पाहुणा गोव्याचा म्हटल्यावर त्यांनी हणजूणचा विषय काढला, तो परगावी निघतोच. मग म्हणाले, "तुमच्याकडं चरस, आमच्याकडं शीलावती."

"शीलावती म्हणजे?"

"गांजाचं वाण हाय. पाडेरूकडचं. पोरं नाव घेऊन मागत्यात. पर पंचनाम्यात नाव नसतंय बघा. तिथं निस्तं 'सुका गांजा' आन् वजन."

मराठी कानाला शीलावती म्हणजे जुन्या संगीत नाटकाची नायिका. हे नाव गांजाला कसे, या कुतूहलापोटी मी परत आल्यावर वाचत गेलो, आणि वाचता वाचता शीलावतीपासून नगर, बंगाल, ॲमस्टरडॅम असे करत शेवटी आमच्या पणजीच्या बागेत येऊन पोचलो. तेच आज लिहितो आहे. गांजा ओढावा की न ओढावा, हा या लेखाचा विषय नव्हे. कायद्याने तो गुन्हा आहे आणि त्यापायी बरबाद झालेली घरे मीही पाहिली आहेत. मला रस आहे तो वाणात. एका झाडाच्या एका वाणाचे नाव वर्षानुवर्षे का टिकते आणि त्या नावाखाली वाण खरोखरच टिकलेले असते का, एवढाच माझा प्रश्न.

शीलावतीचा मुलूख म्हणजे आंध्र आणि ओडिशाची सीमा. पाडेरू, चिंतापल्ली, मुंचिंगपुट्टू हा विशाखापट्टणमचा डोंगराळ भाग, जो २०२२ पासून अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात मोडतो, आणि पलीकडे ओडिशातले मलकानगिरी व कोरापुट. उंच डोंगर, आदिवासी वस्ती, वाईट रस्ते. इथून माल निघतो तो हैदराबादमार्गे महाराष्ट्रात आणि दुसऱ्या अंगाने तामिळनाडू व केरळात जातो. पोलिसांकडून आणि दाक्षिणात्य वृत्तपत्रांतून सांगितली जाणारी हकीकत अशी की हे बियाणे आणि ते वाढवण्याची रीत केरळच्या इडुक्की जिल्ह्यातून इकडे आली. इडुक्कीच्या डोंगरांतला गांजा एके काळी 'इडुक्की गोल्ड' म्हणून जगभरच्या भटक्यांना ठाऊक होता. तिथे धाडी वाढल्या, लागवड मोडली, आणि पैसा लावणारी माणसे बियाणे घेऊन उत्तरेकडे सरकली. गंमत पाहा, इडुक्कीची ती लागवड मोडून कितीतरी वर्षे झाली, तरी २०१३ साली 'इडुक्की गोल्ड' याच नावाचा मल्याळी चित्रपट निघाला आणि लोकांना नाव समजावून सांगावे लागले नाही.

आता आमच्या गोव्यात या विषयावर बोलायला बसले की कोणीतरी हमखास म्हणतो, हे सगळे हिप्पींनी आणले, त्याआधी आमचा गोवा सोवळा होता. चरसाच्या बाजाराबद्दल हे काही अंशी खरे असेल. पण या झाडाबद्दल युरोपीय माणसाने भारतात बसून लिहिलेले अगदी सुरुवातीचे सविस्तर वर्णन गोव्यातच छापले गेले आहे, तेही १५६३ साली. पणजीच्या बाजारपेठेतल्या ज्या बागेत आपण बसची वाट बघत दाणे खात बसतो, त्या बागेला ज्याचे नाव आहे तो गार्सिया द ऑर्त. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि मित्र. औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपात ग्रंथ लिहिला, त्यातला आठवा संवाद भांगेवर आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मार्तिम अफोंसो द सोझाला सांगत असे की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, इराण अशी सफर करावीशी वाटली तर आपण थोडी भांग घेतो म्हणजे झाले, ही आठवण ऑर्तने त्यात नोंदवली आहे. आणि त्याच्या घरचे नोकर त्याच्या नकळत भांग घेत, त्यांनी काय सांगितले तेही लिहिले आहे: कामाचे कष्ट जाणवत नाहीत, मन खूश राहते आणि भूक सणसणून लागते. चारशे साठ वर्षांनंतरही भूक लागण्याची ही खूण तीच आहे. ऑर्त १५६८ मध्ये वारला. तो मनाने ज्यू होता असे ठरवून इन्क्विझिशनने १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. असो, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

मला त्या संवादात महत्त्वाची वाटली ती एक साधी गोष्ट. समोरचा पाहुणा म्हणतो, हे तर आपल्याकडचे दोरखंडाचे हेम्प दिसते. ऑर्त म्हणतो नव्हे, याचे बी लहान आहे आणि तितके पांढरे नाही. म्हणजे पाने सारखी दिसत असूनही हा माणूस बी हातात घेऊन फरक पाहतो. १७५३ मध्ये लिनियसने या झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव दिले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे युरोपचे हेम्प होते. भारतातून गेलेले नमुने पाहून 'कॅनाबिस इंडिका' ही वेगळी जात लामार्कने सांगितली ती १७८५ मध्ये, ऑर्तच्या पुस्तकानंतर सव्वादोनशे वर्षांनी.

हे झाड मुळात आपले आहे का, तर आजचे जनुकशास्त्र नाही म्हणते. २०२१ मध्ये ११० झाडांचे संपूर्ण जनुकसंच तपासून निघालेला निष्कर्ष असा की माणसाने ते प्रथम पूर्व आशियात, आजच्या चीनच्या बाजूला, सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आणले. धाग्याचे आणि नशेचे असे दोन घराणे पुढे फुटले ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वी. आपल्याकडे नशेचे घराणे रुजले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच निवडले गेले. या निवडीचे मर्म एका ठिकाणी आहे. झाडाच्या चिकट ग्रंथींत आधी एक मूळ आम्ल तयार होते. त्यातून पुढे टीएचसीकडे जाणारे द्रव्य करायचे की सीबीडीकडे जाणारे, हे मुख्यतः एका जनुकीय जागेवरून ठरते. टीएचसी नशा आणते, सीबीडी आणत नाही. ज्या शेतकऱ्याने कधी प्रयोगशाळा पाहिली नाही, त्याने केवळ चिलमीवरून बियाणे निवडत ती जागा एका बाजूला झुकवून ठेवली. टीएचसी वेगळे काढून त्याची रचना इस्रायलमध्ये गावनी आणि मेशुलम यांनी मांडली ती १९६४ साली, म्हणजे काल-परवा.

पण वाण राखणे या झाडात फार कठीण, आणि इथेच गोम आहे. पपईसारखी याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. परागीभवन वाऱ्याने होते आणि नराचा पराग मैलोगणती उडतो. म्हणजे पडलेले प्रत्येक बी हे संकर. आंब्यात मानकुराद राखायचा तर आपण कलम बांधतो. बी पेरून मानकुराद मिळत नाही हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गांजाचेही तसेच. कलमे काढून वाढवलेले झाड आईसारखे निघते, बियापासूनचे निघेलच असे नाही. तेव्हा पाडेरूच्या डोंगरातली 'शीलावती' म्हणजे एक ठराविक झाड नसून, एका खोऱ्यात वर्षानुवर्षे एकमेकांत मिसळलेला आणि माणसाने पुन्हा पुन्हा निवडलेला झाडांचा एक गोतावळा आहे. दरी बदलली, बी दुसरीकडे नेले, शेजारी दुसरे बी आले की गोतावळा बदलणार. नाव मात्र पोत्यावर तेच.

गांजात किंमत मादीच्या तुऱ्याला. आणि तोही फळला नाही तर. नराचा पराग लागला की झाडाचे सगळे बळ बी धरण्यात जाते, तुरा हलका आणि बियाळ होतो. म्हणून नर ओळखून वेळेवर उपटायचे. ही विद्या अमेरिकेत १९७० नंतर 'सिन्सेमिया' या स्पॅनिश नावाने गाजली, जणू नवा शोध. आपल्याकडे तिची सरकारी नोंद १८९४ ची आहे.

ती नोंद म्हणजे इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न झाला, भारतात गांजाने वेड लागते म्हणतात ते खरे काय, म्हणून १८९३ मध्ये हे कमिशन नेमले. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ. ११९३ साक्षीदार तपासले. सात खंड. मी सरकारी अहवालांच्या धुळीत आयुष्य काढलेला माणूस, पण इतका नेटका अहवाल माझ्या हाताखालून गेलेला नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो सगळा संगणकावर चढवला आहे, ज्याला सवड असेल त्याने जरूर वाचावा. माफक सेवनाने सहसा नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, लागवड मोजक्या ठिकाणी आणून परवाना आणि कर लावावा, असा त्यांचा निष्कर्ष. महसुलावर डोळा होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होत असे. ऑर्तचा मित्र जिथे राज्य करत होता तेच नगर, आताचे अहिल्यानगर. मध्य प्रांतात खांडव्याला आणि बंगालात राजशाहीच्या नौगावला, जे आज बांगलादेशात आहे. या नौगावच्या लागवडीचे वर्णन वाचताना मी अडकून पडलो. तिथे नर झाडे ओळखण्यासाठी खास जाणकार माणूस बोलवीत. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत आणि इंग्रज साहेब त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. तो ओळींमधून फिरत जायचा आणि फुले उमलायच्या आतच नर मोडत पुढे सरकायचा. त्याची नजर चुकली आणि चार नर राहिले तर अख्ख्या शेताचा भाव उतरायचा. मग कापणी, मग तुरे पायाने तुडवून चपटा गांजा करायचा किंवा मळून गोल. सरकारी गोदामात वजन, त्यावर कर. म्हणजे एका सरकारने या झाडाची जमीन, मशागत, जाणकार, प्रत, भाव, सगळे लिहून ठेवले.

शीलावती या नावाची मला लागलेली संगती याच पोद्दाराजवळ येऊन थांबते. आसपास एकही नर उभा राहू न देता राखलेल्या झाडाला शीलवतीचे नाव! हा आपला माझा तर्क, भाषाशास्त्र नव्हे.

पुढची कथा ऐकून आपला ऊर भरून यावा की राग यावा हे मला अजून ठरवता आलेले नाही. १९६० नंतर गोव्यात, केरळात, हिमालयात आलेल्या गोऱ्या पोरांच्या पिशव्यांतून बी बाहेर गेले. दक्षिण भारताची झाडे उंच, पातळ पानांची आणि फुलायला फार वेळ घेणारी, कारण आपल्या अक्षांशावर दिवस फारसा लहानमोठा होत नाही आणि हिवाळा झाडाला मारत नाही. हॉलंडमध्ये तीच झाडे पिकायच्या आत थंडीने मेली असती. म्हणून त्यांचा संकर अफगाणिस्तानच्या बुटक्या, लवकर पिकणाऱ्या झाडांशी आणि आणखी कशाकशाशी केला गेला. कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध 'हेझ' वाणात दक्षिण भारतीय रक्त आहे असे सांगतात. १९९० च्या दशकात ॲमस्टरडॅममध्ये गाजलेली 'व्हाइट विडो' ही ब्राझीलच्या आणि दक्षिण भारताच्या झाडांचा संकर, असे बियाणे विकणारे स्वतःच जाहिरातीत लिहितात. आपली शीलवती तिकडे जाऊन विधवा झाली म्हणायची.

या जाहिरातींवर किती विश्वास ठेवायचा? कॅनडात २०१५ साली ८१ गांजाच्या आणि ४३ हेम्पच्या नमुन्यांचे जनुक तपासले. एकाच नावाने विकले जाणारे नमुने ताडून पाहिले तर सुमारे ३५ टक्के वेळा नमुना आपल्या नावाच्या भावापेक्षा परक्या नावाच्या झाडाला जास्त जवळचा निघाला. 'जमैकन लॅम्ब्स ब्रेड' हे शंभर टक्के सटायव्हा म्हणून मिळवलेले वाण शंभर टक्के इंडिका म्हणवणाऱ्या एका अफगाणी वाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळले. हे परवाना असलेल्या, पाटी लावलेल्या मालाचे. मग पाडेरूहून रात्रीच्या ट्रकने निघालेल्या पोत्यावरच्या नावाचे काय सांगावे! तरीही गिऱ्हाईक नावच मागते. वास, चिकटपणा, रंग यांची एक आठवण त्या नावाला बांधलेली असते, आणि वास ज्या तेलांमुळे येतो ती आंब्यात, लिंबात, देवदारातही असतात. आठवण खरी, वाण खरे असेलच असे नाही. रत्नागिरी हापूस म्हणून आपण पणजीच्या बाजारात पेटी घेतो तेव्हा आपण तरी दुसरे काय करतो?

आणि आता उलटा प्रवास चालू आहे. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये गांजावरची बंदी उठवली, त्यानंतर बँकॉकहून येणारा 'हायड्रोपोनिक' गांजा हैदराबादेत आणि गोव्यात पकडल्याच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या. दिव्याखाली, मातीविना, कलमांपासून वाढवलेला. त्याची किंमत पोलिस किलोला एक कोटीच्या घरात लावतात. त्याच्या वंशावळीत कुठेतरी आपल्याच डोंगरांतले बी असण्याचा संभव बराच आहे. इकडे आंध्र पोलिसांनी 'परिवर्तन' मोहिमेत पाडेरूच्या भागातली हजारो एकर लागवड तोडली आणि १२ फेब्रुवारी २०२२ रोजी अनकापल्लीजवळ जप्त केलेला दोन लाख किलो गांजा एकाच दिवशी पेटवला. छायाचित्रांत धुराचे लोट आहेत. १८९४ च्या अहवालावरून नौगावच्या शेताचे चित्र मी डोळ्यांपुढे आणू शकतो. पाडेरूच्या शेताबद्दल माझ्या हाती लागले ते एकर, किलो आणि रुपये.

१४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू आहे. त्याआधी गांजाची परवानाधारक दुकाने होती, नगरचा गांजाही सरकारी वजनकाट्यावरून जात असे. आता कायद्याला वाण ठाऊक नाही, टीएचसीचे प्रमाणही नाही. फक्त वजन. एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी. वीस किलो ओलांडले की किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख दंड, जामीनही जवळजवळ अशक्य. डोंगरातून पाठीवर पोते आणणाऱ्या पोराला आणि पैसे लावणाऱ्या शेठला काटा तोच, फक्त शेठ काट्याजवळ सहसा सापडत नाही. २०२४ मध्ये नामपल्लीपासून जवळच्या धूलपेटेत, जिथे गणपतीच्या मूर्ती करणारे कारागीर राहतात, अबकारी खात्याने मोठी मोहीम काढली. काका म्हणाले, बातमीत दर वेळी किलोच असतात.

या वजनाच्या कायद्यात एक बारीक कलम आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे, आणि शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पाने गांजात धरायची नाहीत. ज्यात वाणाचा सगळा वारसा साठवलेला असतो ते बी, नुसते असेल तर, या व्याख्येने गांजा नव्हे. पकडलेल्या पोत्यात मात्र शेंडे, पाने, देठ, बिया सगळे एकत्र असते आणि काट्यावर सगळेच चढते. म्हणून अलीकडे वकील न्यायालयात विचारतात की एकवीस किलोंतले बी आणि पाला वेगळे काढून तोलले होते काय. तसे तोलले नव्हते म्हणून मुंबई उच्च न्यायालयासह इतर काही उच्च न्यायालयांनी आरोपींना जामीनही दिले आहेत.